नास्तिक म्हणजे नेमकं काय नसलेला?

मागच्या रविवारी आलेल्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "बघा ना" निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत. बाकी मजकूर तोच.

हा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. शिरूर तालुक्यातला एक तरुण श्रोता आहे, रांजणगाव एमआयडीसीत कामाला. नाव घेऊ नका म्हणाला, म्हणून घेत नाही. त्याची आजी गेली. दहाव्याला घाटावर भावकीतल्या पुरुषांनी केस काढले, यानं काढले नाहीत. पिंडापुढं हात जोडायला सांगितले तेव्हा म्हणाला, "मी नास्तिक आहे, मला जबरदस्ती करू नका." झालं! आपल्याकडं दहाव्याला काय असतं तुम्हाला माहिती आहे. प्रवचन असतं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं असतात, निम्मा गाव सतरंजीवर बसलेला असतो. त्या सगळ्यांसमोर चुलते त्याला म्हणाले, "तुला धर्मच राहिला नाही, तर घराण्याशी तरी काय संबंध? उद्या वाटा मागायला येऊ नको."

त्याचे दोन प्रश्न होते. "दादा, मी देव मानत नाही हे खरंय. पण म्हणून मी धर्म सोडला असं होतं का? आणि वाट्याचं ते खरं आहे का?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. नाही, खरं नाही. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे. तो कुणाला लागू होतो हे कायद्यात लिहिलंय, आणि त्यात देव मानायची अट कुठंही नाही. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना तो लागू आहेच. शिवाय जो मुसलमान, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही, अशा माणसालाही साधारणपणे तोच लागतो. म्हणजे नास्तिक पोरगा वारसाच्या बाबतीत याच कायद्याखाली येतो. आजीनं स्वतःच्या मिळकतीचं मृत्युपत्र दुसऱ्या कुणाच्या नावानं केलं असेल तर ती गोष्ट वेगळी, पण तिचा आस्तिक-नास्तिकाशी संबंध नाही.

आता पहिला प्रश्न. तो अवघड आहे, कारण चुलत्यांच्या त्या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींची गाठ बसलेली आहे. देव आहे की नाही, ही एक. ग्रंथ प्रमाण मानायचा का, ही दुसरी. विधी करायचे का, ही तिसरी. आणि "तू आमच्यातला का?" ही चौथी. नास्तिक माणूस खरं तर यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाला "नाही" म्हणत असतो. ऐकणाऱ्याला मात्र चारही नकार एकदम ऐकू येतात, आणि भांडण बहुतेक वेळा चौथ्यावर होतं.

शब्दापासून बघू. अस्ति म्हणजे आहे, नास्ति म्हणजे नाही. पण काय नाही? आज आपण लगेच म्हणतो, देव. जुन्या माणसांचं तसं नव्हतं. पाणिनीच्या व्याकरणात आस्तिक-नास्तिक हे शब्द येतात आणि टीकाकार त्यांचा अर्थ परलोकाशी लावतात: मेल्यावर पुढं काही आहे असं मानणारा आस्तिक, न मानणारा नास्तिक. मनुस्मृतीत बघाल तर वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणजे एकीकडं परलोक, दुसरीकडं वेद. देव या व्याख्यांत मध्यभागी नाहीच.

यातून गंमत होते. सांख्य दर्शन घ्या. मूळ सांख्य विचारात जग चालवायला ईश्वर लागत नाही, प्रकृती आणि पुरुष एवढ्यावर भागतं. पूर्वमीमांसा तर यज्ञ करा म्हणून सांगणारी. पण यज्ञाचं फळ यज्ञामुळेच मिळतं, मध्ये जग निर्माण करणारा कुणी असायची गरज नाही, असं मीमांसक म्हणतात. आजच्या भाषेत या दोघांना नास्तिक म्हणावं लागेल. पण वेद प्रमाण मानतात म्हणून दोन्ही दर्शनं आस्तिकांच्या यादीत! आणि जैन, बौद्ध, चार्वाक नास्तिकांच्या यादीत. चार्वाकाचे स्वतःचे ग्रंथ आपल्यापर्यंत आलेच नाहीत. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलं प्रकरण चार्वाकाचं आहे, पण ते खोडून काढण्यासाठी मांडलेलं. विरोधकानं लिहिलेल्या चरित्रावरून माणूस ओळखायचा म्हणजे काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. कर्ज काढून तूप पिणारा, एवढीच त्याची ओळख उरली. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या पुस्तकाला मुद्दाम 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' असं नाव दिलं. जे आहे ते आहे म्हणणारा तो खरा आस्तिक, असा त्यातला टोला.

म्हणजे "देव न मानणारा धर्माबाहेर गेला" हे परंपरेच्याच हिशोबानं पक्कं नाही. लांब कशाला जायचं, शिरूर तालुक्यात बघा. घोडनदीच्या बाजारपेठेत जैन कुटुंबं पिढ्यानपिढ्या दुकानं चालवतात. पर्युषणात उपवास, स्थानकात प्रवचन, सगळं काटेकोर. पण जग निर्माण करणारा देव जैन धर्म मानत नाही. तालुक्याच्या पश्चिम टोकाला कोरेगाव भीमा, नदीपलीकडं पेरण्याच्या हद्दीत जयस्तंभ. 1 जानेवारीला तिथं लाखोंनी माणसं येतात, त्यातले किती तरी बौद्ध. डॉ. आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्म स्वीकारला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तर सृष्टी निर्माण करणाऱ्या ईश्वराची कल्पना त्यांनी मुद्दे मांडून नाकारली आहे. या लोकांना धर्म नाही असं म्हणायची कुणाची टाप आहे? वंदना आहे, विहार आहे, लग्नाचा आणि मरणाचा विधी आहे. फक्त जग घडवणारा कुणी नाही.

हे झालं धर्म आहे, पण कर्ता देव नाही असं उदाहरण. आता याच्या उलट. देव आहे, पण धर्म नाही. त्यासाठी दौंड तालुक्यात जाऊ.

पुण्याहून दौंडला लोकलनं निघालात की वाटेत केडगाव स्टेशन लागतं. केडगावच्या परिसरात दोन प्रसिद्ध ठिकाणं आहेत. एक नारायण महाराजांचं बेट, दत्ताचं देऊळ. दुसरं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाई म्हटलं की आपण दोनच गोष्टी सांगतो: संस्कृतच्या पंडिता होत्या, मग ख्रिस्ती झाल्या. या दोन टोकांच्या मधली वर्षं कुणी सांगत नाही, आणि आपल्या विषयाला तीच महत्त्वाची आहेत.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, कट्टर धर्मनिष्ठ, पण बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे. सगळं कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे हाल झाले. नवस, उपास, दानं, जप, शास्त्रात सांगितलेलं जे जे होतं ते सगळं त्यांनी केलं. होतं नव्हतं ते देवाच्या नावानं देऊन टाकलं. 1874 च्या सुमारास वडील गेले, मग आई, मग बहीण. उपासमारीनं. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, आणि दोघं पायी फिरत राहिले. देवांवरचा आणि शास्त्रांवरचा विश्वास या काळात कसा उडाला ते रमाबाईंनी नंतर स्वतः लिहून ठेवलंय. त्या कुठल्या मिशनऱ्याचं ऐकून तिथवर आल्या नव्हत्या, पुस्तक वाचूनही नाही. केलेल्या व्रताचं काहीच फळ दिसलं नाही, एवढ्यावरून आल्या. आजही कुणाच्या घरी तरणंताठं माणूस जातं आणि कुणीतरी देव्हाऱ्यासमोर बसायचं बंद करतं, ते याच रस्त्यानं.

पुढं कलकत्त्याला गेल्यावर 1880 मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. ते 1872 च्या सिव्हिल मॅरेज कायद्याखाली झालं. या कायद्यात तेव्हा एक अट होती. वधू-वरांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कुठलाही धर्म पाळत नाही. म्हणजे पुढं बायबलचं मराठी भाषांतर करणारी बाई लग्नाच्या वेळी कागदोपत्री धर्म नसलेली होती! पण ती नास्तिक होती का? नाही. ब्राह्मो समाजाच्या संगतीत एका ईश्वराची कल्पना तिला पटत होती. देव मानत होती, धर्म नव्हता. (आजचा विशेष विवाह कायदा 1954 चा. धर्म नाही असं लिहून द्यायची अट त्यात नाही. नोंदणी कार्यालयात नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं.)

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथंही शांत बसल्या नाहीत. ज्या ननबाईंकडं राहत होत्या त्यांच्याशी पत्रांतून वाद घातले, त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारले. भारतातल्या पुरोहितांचं जू मानेवरून काढलं ते दुसऱ्या पुरोहितांचं घेण्यासाठी नाही, असा त्यांच्या एका पत्राचा आशय आहे. पुढं 1896 नंतरच्या दुष्काळात त्यांनी शेकड्यांनी मुली आणि बायका गोळा करून केडगावला आणल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत केलं, ते मिशनमधल्या बायकांनी तिथंच छापलं. 1922 मध्ये त्या गेल्या त्या पक्क्या श्रद्धावान म्हणूनच. मला त्यांची गोष्ट यासाठी सांगायची होती की श्रद्धा आणि अश्रद्धा या दोन वेगळ्या जातीच्या माणसांच्या गोष्टी नाहीत. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही येऊन जातात.

कोर्टातलं एक उदाहरण सांगतो, ते याला अगदी जोडून आहे. सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की सरकार कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, आणि "मला कुठलाच धर्म नाही" असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. घटनेच्या कलम 25 मधलं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, त्याच्या आधारानं. आता ऐकणाऱ्याला वाटेल, याचिका नास्तिकांनी केली असणार. मुळीच नाही! याचिका करणारे येशूला मानणारे होते. आम्ही येशूला मानतो पण ख्रिस्ती किंवा कुठल्याच धर्माचे नाही, राजपत्रात तशी नोंद करा, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारी मुद्रणालयानं ती नाकारली म्हणून ते कोर्टात गेले. नास्तिकांना उपयोगी पडणारा इतका मोठा निकाल श्रद्धावानांनी मिळवून दिला.

बरं, आता ज्यांना देवही नाही आणि धर्मही नाही त्यांच्याकडं येऊ. इथं पुन्हा एक बारीक भेद आहे. "देव नाही" म्हणणं वेगळं आणि "देव आहे की नाही हे कळायला मार्ग नाही" म्हणणं वेगळं. दुसऱ्याला अज्ञेयवाद म्हणतात. 1869 साली हक्सलेनं त्यासाठी इंग्रजीत नवा शब्दच घडवला. गोपाळ गणेश आगरकरांना आपण सरसकट नास्तिक म्हणतो, पण मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेलं त्यांचं मत अज्ञेयवादाच्या जवळचं आहे. पुण्यातल्या लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली तेव्हा हा भेद कुणी विचारात घेतला नाही म्हणा. दम्यानं पोखरलेला माणूस 'सुधारक' चालवत राहिला आणि 1895 मध्ये, चाळिशीही न गाठता गेला. "देव नसेल तर माणूस चांगलं का वागेल?" असं कुणी विचारलं की मी आगरकरांचं नाव घेतो आणि गप्प बसतो.

डॉ. श्रीराम लागू मात्र उघड नास्तिक. देव ही कल्पना आता निवृत्त करायला हवी, असं जाहीर सांगायचे. आणि त्यांच्या शेजारी व्यासपीठावर बसायचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. दोघांचे 'विवेकजागराचा वाद-संवाद' नावाचे कार्यक्रम महाराष्ट्रभर झाले. लोकांना वाटायचं दोघं एकच बोलतात. पण ते तसं नव्हतं, नावात वाद उगाच नव्हता. लागू म्हणायचे देवच नाही, मुळावर घाव घाला. दाभोलकर म्हणायचे, समिती देवाधर्माच्या विरोधात नाही. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेच्या विरोधात आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ही भूमिका होती आणि आहे. समितीत देव मानणारे कार्यकर्ते तेव्हाही होते. माझं स्वतःचं मत विचाराल तर तर्काला लागू जास्त सरळ वाटतात, पण गावात काम करायला दाभोलकरच लागतात.

20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. 10 मे 2024 ला विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. खुनानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबर 2013 मध्ये कायदा झाला. या कायद्याबद्दल आधी कित्येक वर्षं भीती घातली जात होती की वारी बंद होणार, पूजा बंद होणार. कायदा वाचा. त्यात देव हा विषयच नाही. उलट यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन याला हा कायदा लागू नाही असं स्पष्ट लिहिलंय. दरवर्षी तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते, यवतला मुक्काम, पिठलं-भाकरी, मग वरवंड. कायदा आल्यापासून त्या पिठल्यातला एक घास कमी झालेला नाही.

मग "नास्तिक म्हणजे धर्माचा शत्रू" हे कुठून आलं? मला वाटतं, विधीतून. विधी आपल्याकडं श्रद्धेपेक्षा नात्याचा पुरावा असतो. शिरूरचं एक उदाहरण देतो, हे फार कमी लोकांना माहिती आहे. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस 1809 मध्ये वारला, त्याची कबर शिरूरला आहे. ब्रिटिश काळातल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की गावचे लोक या गोऱ्या कर्नलला "सत्पुरुष" म्हणून पुजायचे, सुगीला धान्य आणून वाहायचे. आता सांगा, हे कुठल्या धर्मग्रंथात बसतं? ख्रिस्ती माणसाची कबर, हिंदू शेतकरी, ज्वारीचा नैवेद्य! पुजणाऱ्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला नव्हता आणि हिंदू धर्म सोडलाही नव्हता. कुणीतरी चांगला माणूस होता, त्याची आठवण ठेवायची, आणि आठवण ठेवायची आपल्याकडची रीत म्हणजे नैवेद्य. एवढंच.

चुलत्यांना दहाव्याला दिसलं ते हे. पोराच्या डोक्यावर केस राहिले, याचा अर्थ त्यांनी "देव नाही" असा घेतलाच नाही. "आजीचं याला काही नाही" असा घेतला. आणि पोरगं देवाबद्दल बोलत होतं. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

मी त्याला परत मेसेज केला तो असा. विधी न करण्याचा तुझा हक्क पूर्ण आहे, त्यात कमीपणा घेऊ नकोस. पण चुलत्यांना कावळ्याबद्दल आणि पिंडाबद्दल समजावत बसू नकोस. त्यांना आजीबद्दल बोल. "नाना, केस काढणं मला पटत नाही, पण आजीसाठी मी काय करू ते तुम्ही सांगा," असं विचार. हल्ली आपल्याच भागात कितीतरी देवभक्त घरं रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यात झाड लावतात. ते झाड नास्तिक नातवालाही लावता येतं. त्याचं उत्तर आलं, "नाना आंब्याचं म्हणतायत." पुढचं मला माहिती नाही.

आणि एक उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल. घरोघरी जो नवा नास्तिक होतो तो पहिली दोन वर्षं फार कडक असतो. आईच्या उपासाची टिंगल, रांजणगावच्या रांगेत उभ्या असलेल्या मावशीला शहाणपण शिकवणं. देव न मानणं हा एका प्रश्नाचा निष्कर्ष आहे, त्यानं माणूस आपोआप विवेकी होत नाही. देव न मानणारा पण जात कडक पाळणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लग्नाच्या वेळी कळतं.

शेवटी आकड्यांचं. 2011 च्या जनगणनेत देशात साधारण 28.7 लाख लोकांच्या धर्माची नोंद "सांगितला नाही" अशी आहे. स्वतःहून नास्तिक असं सांगितलेले मात्र सुमारे 33 हजार, आणि त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, नऊ हजारांच्या वर. 121 कोटींत 33 हजार! प्रत्यक्षात इतके कमी असतील असं मला वाटत नाही. प्रगणक दारात येतो, घरातला मोठा माणूस ओट्यावर बसून सगळ्यांची माहिती सांगतो, आणि एकाचा धर्म सगळ्यांच्या नावापुढं लागतो. प्रगणकांना दिलेल्या सूचनेत तर लिहिलेलं असतं की कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच सगळ्यांचा असं धरू नये, प्रत्येकाचा वेगळा विचारावा. पुढच्या वेळी तो तुमच्या दारात आला की घरात असाल तर बाहेर या, आणि तुमचं उत्तर तुम्हीच द्या. देव मानत असलात तरी.